गफूरभाईंच्या अंगातला कोट

एके काळी शेलूबाजारपासून मानोऱ्यापर्यंतच्या निम्म्या मयत पुरुषांच्या अंगात एकच कोट होता, आणि त्या कोटाच्या आत एकच माणूस होता. हे पाप माझं आहे. आजही त्या बाजूला कुणाकडे भेटायला गेले की पाणी पिता पिता माझी नजर भिंतीकडे जाते. हार घातलेला फोटो असतो. फोटोत काळा कोट, लाल टाय, मांडीवर ठेवलेला उजवा हात आणि त्या हातात फिरोज्याची अंगठी. चेहरा त्या घरच्या आजोबांचा, बाकी सगळे गफूरभाई टेलर. घरचे लोक सांगतात, आबांचा हा फोटो फार छान आलाय. मी हो म्हणते, पाणी संपवते आणि विषय पिकापाण्याकडे वळवते.

बारावीला मी इंग्रजीत दोनदा नापास झाले. पहिल्यांदा सतरा मार्क होते, दुसऱ्यांदा अभ्यास करून गेले तर पंधरा पडले. आमचं घर धनजला, शेतीचं. बाबांनी निकालाचा कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि आठ दिवसांनी मला शेलूबाजारला इंदूआत्याकडे नेऊन सोडलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे मालक फोटोग्राफर होते, आम्ही त्यांना फोटोवाले मामा म्हणायचो. ते गेल्यावर आत्यानं स्टुडिओ बंद केला नाही. कॅमेरा स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि लग्नं काढू लागली. नऊवारी नेसून स्टुलावर उभी राहायची आणि नवरदेवाला दम द्यायची, "हास नं बापा, फाशी देऊन राह्यले का तुले?" नवरदेव घाबरून हसायचा. त्या काळातल्या आमच्याकडच्या लग्नाच्या फोटोंत नवरदेव दचकलेले दिसतात त्याचं कारण हे आहे.

घर स्टुडिओच्याच मागे होतं, दोन खोल्या आणि एक पत्र्याचं स्वयंपाकघर. भिंतीला लागून पिठाची गिरणी. समोर हायवे, त्यावर जीपवाल्यांची ओरड पहाटेपासून चालू, "वाशीम वाशीम वाशीम!" एकाचा दम संपला की दुसरा "मंगरूळ मंगरूळ" सुरू करायचा. आत्या भाकरी थापताना त्या तालावर थापायची, हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. सकाळी भाकर आणि मिरचीचा ठेचा, संध्याकाळी ज्वारीच्या कण्या आणि आंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. उन्हाळा लागला की गच्चीवर वाळवणं. कुरडयांचा चीक शिजला की आत्या मला पहिली वाटी द्यायची, गरम चीक आणि त्यावर साखर. मी ती वाटी घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि आत्या मागून ओरडायची, "त्याच्या बटनाइवर सांडवशीन तं पाह्य!" सांडला तो एकदाच. तेव्हापासून त्या कीबोर्डवरचं एक बटन उठायलाच तयार नसायचं.

हा कॉम्प्युटर वाशीमच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून आला होता. त्यात फोटोचं जे सॉफ्टवेअर होतं ते तेव्हाच म्हातारं झालेलं होतं. शहरातल्या स्टुडिओंत त्याच्या पुढच्या चार आवृत्त्या येऊन गेल्या होत्या म्हणे, पण आमच्या मशीनला तेवढंच झेपायचं. क्लासवाले सर तीन दिवस येऊन शिकवून गेले. सगळं इंग्रजीत. ज्या भाषेनं मला दोनदा पाडलं तिच्याच दारात मी पुन्हा उभी. मग मी एक वही केली. तिच्यात इंग्रजी शब्द लिहिलेच नाहीत, नुसत्या जागा लिहिल्या: वरून तिसरं, त्यातलं खालून दुसरं, मग उजवीकडचं. आत्यानं हत्यारांना नावं दिली. फोटोतला माणूस भोवतीनं रेघ मारून उचलायचं जे हत्यार, त्याला ती म्हणायची दावं, गुराच्या गळ्यात टाकतात ते. एका जागेचा रंग उचलून दुसऱ्या जागी उमटवायचा तो ठप्पा. एक जादूची काडी होती, ती लावली की सारखा रंग आपोआप धरला जायचा, पण गोरा माणूस पांढऱ्या सदऱ्यात असला की त्याचा चेहरा आणि सदरा दोन्ही एकदमच धरले जायचे. "दावं टाक वं, काडीच्या भरोशावर राहू नको," आत्या म्हणायची. तिनं जन्मात माऊसला हात लावला नाही, पण मला शिकवलं तिनंच.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मागे एकच पाऊल जाता यायचं. चूक झाली तर एक चूक माफ, तिच्या आधीची तुमच्या गळ्यात. आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं मी गंमत करते. ते शंभर पावलं मागे जातात, पुढे येतात, पुन्हा जातात. मला मात्र प्रत्येक क्लिकच्या आधी श्वास धरायची सवय लागली. आणि त्यात भर गिरणीची. गिरणीवाल्यानं मोटर चालू केली की आमच्याकडचा विजेचा दाब खाली यायचा, पडदा चारी बाजूंनी आक्रसायचा आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. म्हणून मी कान भिंतीला लावून काम करायचे. डब्याचं झाकण वाजलं, म्हणजे कुणी तरी ज्वारी घेऊन आलं. पट्टा चढवल्याचा आवाज आला की लगेच सेव्ह. गव्हाचा मोठा डबा असला तर मी निवांत चहा करून घ्यायचे.

आता कोटाची गोष्ट. प्रत्येक स्टुडिओत असतो तसा आमच्याकडेही खिळ्याला एक कोट होता, आरसा, कंगवा आणि पावडरच्या डब्याच्या शेजारी. तो शिवला होता समोरच्या गफूरभाई टेलरनं. पाठीतून उभा चिरलेला, आतून नाड्या, म्हणजे पैलवान असो की वाळलेला मास्तर, सगळ्यांना बसायचा. पण मेलेल्या माणसाला कोट घालता येत नाही. आणि आमचं मुख्य काम तेच होतं. घरातलं कुणी गेलं की लोक मतदान कार्डावरचा नाहीतर लग्नातल्या घोळक्यातला एवढासा चेहरा घेऊन यायचे आणि म्हणायचे, मोठा करा, हार घालता आला पाहिजे, आणि अंगात कोट पाहिजे. हयातभर बंडीवर राहिलेल्या माणसाला त्याची पोरं भिंतीवर कोटातच बघू इच्छित. फोटोवाले मामा असताना हे काम ब्लेडनं चालायचं: चेहरा कापायचा, कोटाच्या फोटोवर चिकटवायचा, परत फोटो काढायचा. मला तेच पडद्यावर करायचं होतं. त्यासाठी कोटातला एक धड माणूस हवा होता. कोट शिवणाऱ्यालाच तो सगळ्यात नीट बसेल म्हणून आत्यानं गफूरभाईंना बोलावलं, खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावला आणि फोटो काढला. मी त्यांचं डोकं कापलं आणि उरलेली फाईल 'गफूरभाई' या नावानं ठेवली. माझ्या आयुष्यातलं पहिलं निर्दोष काम ते. मानेची कड अशी बेमालूम जमली होती की मी ती फाईल दिवसातून चारदा उघडून बघायचे.

चार महिन्यांत त्या धडावर मी किती चेहरे चढवले देव जाणे. एक दिवस गफूरभाई गळ्यात टेप घेऊन तसेच स्टुडिओत आले आणि स्टुलावर बसले. लग्नाच्या कपड्यांची मापं घ्यायला ते मानोऱ्याकडे गेले होते.

"सुनंदा बेटा," ते म्हणाले, "मी आज सोताले चार घरी मरून पडेल पाह्यलं."

"काय म्हणता चाचा?"

"पहिल्या घरी गेलो, पाटलाच्या बापाचा फोटू. मले वाटलं, कोट आपला हाय. दुसऱ्या घरी गेलो तं अंगठी बी आपली. तिसऱ्या घरी बाईनं माह्या समोर माह्यावर उदबत्ती फिरवली. चौथ्या घरी मी बसलोच नाई, बाहेरूनच माप घेतलं!"

आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. गफूरभाईंचा चेहरा मात्र पडलेला होता. घरी भाभींना हे कळलं तेव्हा त्यांनी तीन दिवस बोलणं टाकलं. आमच्या दारात येऊन त्या म्हणाल्या, "जिंदा आदमी को हार डाल रहे तुम लोग, शरम है के नहीं?" आत्यानं त्यांना आत बसवून चीक दिला, मी अंगठी पुसून टाकायचं कबूल केलं, तेव्हा कुठे मिटलं. अंगठी मी पुसली नाही. ती पुसायला गेले की बोट पुसलं जायचं, आणि मागे यायला एकच पाऊल.

त्याच उन्हाळ्यात पार्बताबाई आल्या. मानोऱ्याजवळच्या एका गावच्या, साठीकडे झुकलेल्या, डोक्यावरचा पदर कपाळाच्याही खाली ओढलेला. सोबत मोठा मुलगा. मालक संक्रांतीच्या सुमारास गेले होते. अक्षय तृतीयेला त्यांच्या नावानं पहिली घागर भरायची होती. आमच्याकडे वर्षाच्या आत गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी मातीची घागर भरून ठेवतात, पुरणपोळी आणि पन्ह्याचं ताट वाढतात, आणि सगळे भाऊबंद जमतात. भाऊबंदांसमोर घागरीमागे ठेवायला फोटो नव्हता. घरात फोटो म्हणून एकच, कुणा चुलत दिराच्या लग्नातला, पंधरा-वीस माणसांचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागच्या रांगेत अगदी कडेला उभा एक तरणा माणूस, टोपी, सदरा. हे ते.

"आई, काय काय पाहिजे ते सांगून दे," मुलगा म्हणाला.

पार्बताबाई खाली बघून म्हणाल्या, "मले त्याइचं तोंड पाह्यजे. बाकीच्याइचं काय करू?"

मुलानं कोट सांगितला. मी मान डोलावली. गफूरभाई तयारच होते.

पुठ्ठा आमच्या स्कॅनरपेक्षा मोठा होता. कडेचा माणूस काही केल्या काचेवर यायचा नाही, आणि जाड पुठ्ठ्यामुळे झाकण बसायचं नाही, उजेड आत शिरायचा. मी दोन दिवस झटले. मग मामांच्या कपाटातलं ब्लेड काढलं. कापायचं काम या स्टुडिओत नवीन नव्हतं, आणि त्या स्वतःच म्हणाल्या होत्या की फक्त तोंड. मी पट्टी लावून टोपीपासून छातीपर्यंतचा चौकोन कापून काढला. कापताना मी एक क्षणही थांबले नाही, याची आज मला लाज वाटते. चेहरा सुरेख स्कॅन झाला. त्याच आठवड्यात माझं टेबल हलायचं थांबलं. ते पहिल्यापासून डुगडुगायचं, दावं टाकताना रेघ नाकावरून कानावर जायची, आणि मी रोज कुरकुर करायचे. त्या दिवशी बसले तर टेबल अगदी घट्ट. मला वाटलं, माझाच हात बसला.

पार्बताबाई न्यायला आल्या तेव्हा अक्षय तृतीयेला तीन दिवस राहिले होते. मुलगा बाजारात घागर घ्यायला गेला. मी फ्रेम त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पदर थोडा मागे घेतला आणि खूप वेळ बघितलं. आधी चेहऱ्यावर त्यांचा अंगठा फिरला, मग खाली आला आणि थांबला.

"तोंड त्याइचंच हाय," त्या म्हणाल्या. "पन हा हात कोनाचा?"

मी म्हटलं, "त्यांचाच आहे मावशी."

"काहून खोटं बोलतं वं पोरी? त्याइचे दोन बोटं नोयते. जवान होते तवा कारंज्याच्या कापसाच्या जिनात गेले. ह्या हातानं तं पाच बोटाइनं माह्या समोर येऊन बसले हायेत. मी कोनाच्या नावानं घागर भरू?"

आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं फ्रेम बघितली आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला धनजच्या घराचा रस्ता दिसला. मग ती ओरडली ती समोरच्या दुकानाच्या दिशेनं, "ओ गफूरभाई! या बरं अंगठी काढून!"

गफूरभाई आले, कोट घालून पुन्हा खुर्चीत बसले. आत्यानं विचारलं, कोणती दोन बोटं? पार्बताबाईंनी स्वतःच्या हातावर दाखवलं, मधलं आणि त्याच्या बाजूचं. गफूरभाईंनी तेवढी दोन बोटं आत दुमडली. शिंप्याचा हात तो, फार छान दुमडली. पार्बताबाई जवळ जाऊन बघून आल्या. "हे वाकवेल बोटं हायेत," त्या म्हणाल्या, "गेलेले नाईत. गेलेले आसे नसतात." गफूरभाई खजील झाले आणि तरीही बराच वेळ तसेच बोटं दुमडून बसून राहिले. मग मी पडद्यावर ठप्पा मारून बोटं पुसायला घेतली. एक बोट गेलं. दुसऱ्याबरोबर मांडीही गेली. मागचं पाऊल एकदा वापरलं. पुन्हा मारलं तर हाताऐवजी आंबा दिसायला लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडे पट्टा चढला, पडदा आक्रसला आणि आंबाही गेला.

तेव्हा पार्बताबाई अगदी हळू, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "त्या फोटूत हाय न त्याइचा हात. बाकीचा फोटू काहाड."

मी म्हणाले, "आत आहे, आणते," आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्याचा पदर धरला. "आत्या, त्या दिवशी मी कापलेला पुठ्ठा?"

"कापेल सारं मी बंबात घालतो. तुले नाई माईत?"

रोज सकाळी आंघोळीचं पाणी आमच्या स्टुडिओच्या कातरणांवर तापायचं. मला माहीत होतं. चार दिवस त्याच पाण्यानं मी आंघोळ केली होती. मी बाहेर आले, खाली बसले आणि जे होतं ते सांगून टाकलं: मी फोटो कापला, उरलेला जळला, तुमच्याकडे आता त्यांचा तेवढा चौकोनच आहे. सांगता सांगता मला हुंदके फुटले. दोनदा नापास झाले तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा माझं गेलं होतं, आता दुसऱ्याचं गेलं होतं, आणि ते परत आणणारं एकही पाऊल कुठे नव्हतं.

दाराजवळ माठ होता, त्यातून पार्बताबाईंनी पेला भरला आणि माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसल्या. पेला माझ्या हातात दिला. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून टेबलाखाली गेली. त्या थोड्या वाकल्या.

"हे मी तं नाई?" त्या म्हणाल्या.

टेबलाच्या डाव्या पायाखाली एक जाड पुठ्ठा होता. पुठ्ठ्याच्या कडेवर एक तरणी बाई बसलेली दिसत होती, नाकात नथ, आणि तिच्या पदराच्या टोकावर टेबलाचा पाय.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अवो माय! मीनंच घातला. ह्या पोट्टीची कुरकुर आयकून आयकून कान किटले होते, पुठ्ठा जाड पाह्यला, बसवून देल्ला." गफूरभाईंनी टेबल उचलून धरलं, आत्यानं पुठ्ठा ओढला. गिरणीवाल्यालाही हाक मारून आत्यानं पाचच मिनिटं मोटर बंद ठेवायला सांगितलं, का ते तिलाच माहीत. पुठ्ठ्यावर पायाचा चौकोनी वळ उठला होता, पण पदरावर. बाकी सगळं शाबूत होतं. मी कापलेल्या खिडकीच्या खालून एक बाही येत होती, आणि त्या बाहीच्या टोकाला तीन बोटांचा हात होता. तो हात खुर्चीत बसलेल्या त्या तरण्या बाईच्या खांद्यावर ठेवलेला होता. त्या हातावरून मी माणूस कापून नेला होता, आणि हात कुणाच्या खांद्यावर आहे हे बघितलंही नव्हतं.

पार्बताबाईंनी पदर पुन्हा कपाळाखाली ओढला. पोराला, सुनांना, भाऊबंदांना त्यांनी जे सांगितलं नसतं ते त्या आत्याला सांगू लागल्या. "तुमच्या मालकानंच हात ठेवाले लावला होता. फोटू काढाले आले होते. म्हने, नवरा-बायको हा, तं लांब काहून उभे? ठिव हात. मोठे लोक समोर, सासरे बसेल. ह्याइचा हात तं लपवाचा हात, दुपट्ट्यात ठेवत जाय. मले वाटलं, ठेवतच नाईत. ठेवला." पुठ्ठ्यावरच्या त्या हातावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मंग कवाच नाई ठेवला. लोकाइसमोर कुठी ठेवतात?"

आत्यानं पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का बोटानं पुसला. आमच्याच स्टुडिओचा होता. ती मामांबद्दल एरवी कधी बोलायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "माह्या खांद्यावर मातर ठेवाले त्याइले कधी सुचलं नाई," आणि दोघी हसल्या. हसता हसता दोघींनी डोळे पुसले, आणि मग गफूरभाईंनीही पुसले.

आता अडचण अशी की हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही. खांदा जिवंत माणसाचा होता. गफूरभाईंची घटना ताजी असल्यानं हे कुणाला सांगावं लागलं नाही. खिडकी कापल्यामुळे पुठ्ठ्याचा तो भाग आता काचेवर बसला, उजेड अडवायला आत्यानं वरून गोधडी टाकली, आणि मी दोन्ही तुकडे स्कॅन करून पडद्यावर जोडले. कोट काढला. टोपी आणि सदरा त्यांचाच ठेवला. हाताभोवती दावं टाकलं, इतक्या सावकाश की आत्यानं तेवढ्यात अर्धा डबा शेवया केल्या. खांद्याच्या जागी आमच्या स्टुडिओतल्या लाकडी खुर्चीची पाठ आणून बसवली. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा एक तरणा माणूस, तीन बोटांचा. आणि त्या दिवसापासून मी एक शिकले, ते कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं: जोडलेली फाईल तशीच ठेवायची आणि नवीन काम नवीन नावानं करायचं.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई मुलाला घेऊन फ्रेम न्यायला आल्या. मुलगा म्हणाला, "कोट?" पार्बताबाई म्हणाल्या, "त्याइले गरम होत जाय कोटात." मालकांनी जन्मात कोट घातला नव्हता. मुलगा फ्रेम घेऊन जीपकडे गेला तेव्हा त्या मागे राहिल्या. मी पुठ्ठा आणि चौकोन कागदात बांधून ठेवला होता, शंभरदा माफी मागून तो पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"तुयाजोळच राहू दे. घरी सुना पाह्यतीन, हासतीन. माही पाळी आली का मंग," त्या म्हणाल्या, "मंग खुर्ची काहाड."

टेबल त्या दिवसापासून पुन्हा डुगडुगायला लागलं. त्याखाली काही घालायची मला हिंमत झाली नाही. पुठ्ठा मी माझ्या वहीखाली बांधून ठेवला, त्या जागांच्या वहीखाली, वरून तिसरं आणि खालून दुसरं लिहिलेल्या. गठ्ठा कपाटात गेला. इंग्रजीत मी तिसऱ्या वेळी छत्तीस मार्कांनी सुटले. आत्या गेली, स्टुडिओ माझ्याकडे आला. गिरणी बंद झाली, आणि कितीतरी वर्षं मी भिंतीकडे कान देऊन सेव्ह करत राहिले.

मागच्या वर्षी एक तरुण मुलगा आला, मानोऱ्याकडचा. मोबाइल पुढे करून म्हणाला, आजी गेली, तिचे यात पुष्कळ फोटो आहेत, वाढदिवसाचे, नातसुनेच्या डोहाळजेवणाचे, कोणताही घ्या. मग जरा घुटमळून म्हणाला, "पन काकू, आजीनं मरायच्या आधी एक सांगतलं. आमाले काई समजलं नाई. म्हने, शेलूले जा आन त्या पोरीले सांग, खुर्ची काहाड."

मी पन्नाशीकडे आलेली बाई. मला पोरगी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी कपाट उघडलं. पुठ्ठ्याच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या, पायाचा वळ तसाच होता. जोडलेली फाईल जुन्या कॉम्प्युटरबरोबरच गेली होती. नवीन मशीनवर दोन तुकडे जोडायला मला पाच मिनिटं लागली असती. मी दोन तास लावले. पदरावरचा वळ पुसला. दुसरं काही पुसलं नाही.

मुलगा पडद्याजवळ वाकला. आजोबांना त्यानं लहानपणापासून त्या खुर्चीमागेच बघितलं होतं.

"काकू," तो म्हणाला, "आजी लाजून राह्यली."

"मग," मी म्हणाले, "आबांचा हात आहे नं खांद्यावर."